निवडक, पण कुणी निवडलेली?

ज्या कॅसेटीवर 'निवडक गाणी' असं छापलेलं असतं, ती गाणी कुणीही निवडलेली नसतात, असं माझं स्पष्ट मत आहे. ती सांडलेली असतात. गोदामात पोतं फाटावं, ज्वारी जमिनीवर पसरावी आणि हाताला लागली तेवढी सुपात भरून 'निवडलेली ज्वारी' म्हणून बाजारात आणावी, तसला हा प्रकार. निवडणं म्हणजे काय ते आमच्या घरच्या बायकांना विचारा. सूप मांडीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि बैठक तासाची. एवढं करूनही खडा राहिलाच, तर तो दाताखाली येताक्षणी धान्य कुणी निवडलं होतं त्या व्यक्तीचं नाव भर पंगतीत जाहीरपणे घेतलं जातं. जबाबदारी म्हणतात ती याला.

गाण्यांच्या बाबतीत मात्र खडा दाताखाली आला तर कुणाला बोलायचं? वेष्टनावर गाणाऱ्याचा किंवा गाणारीचा फोटो. मागं कारंजं, नाही तर गुलाबाचं फूल. वर सोनेरी अक्षरांत 'सदाबहार', 'अविस्मरणीय' किंवा 'सुवर्णगीते' यांपैकी एक शब्द. (हे तीन शब्द कुण्या एका माणसाच्या तैनातीला कायमचे असावेत. तो ते आळीपाळीनं पाठवत असेल.) आत चौदा गाणी. त्यांतली नऊ आपल्याकडं आधीच्या 'सदाबहार'मध्ये असतात आणि तीन त्याच्याही आधीच्या 'अविस्मरणीय'मध्ये. म्हणजे दोन गाण्यांसाठी आपण चौदांचे पैसे मोजतो, आणि त्या दोनांतलं एक असं असतं की ते गाणाऱ्यालासुद्धा आठवत नसावं.

तबकडी गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडीही गेली आणि आता गाणी भ्रमणध्वनीत येऊन बसली आहेत. पण 'निवडक' काही गेलं नाही. उलट आता ते निवडायला माणूससुद्धा लागत नाही, यंत्रच निवडतं म्हणे! पूर्वी निदान कुणीतरी निष्काळजी माणूस तिथं असावा अशी शंका घ्यायला जागा होती.

हा विषय माझ्या डोक्यात घोळायला लागला तो एका जमैकन माणसामुळं. अमरावतीत राहणाऱ्या, ज्याची संगीताची धाव अंबादेवीच्या संगीत सभेपासून लग्नाच्या बँडपर्यंत, अशा माणसाला जमैका कुठून आठवावा? पण पुण्याला नोकरीला असलेला भाचा सुटीत आला की काही ना काही विलायती घेऊन येतो. या खेपेला त्यानं तीन तबकड्यांचा एक संच आणला. 'आर्कॉलॉजी' त्याचं नाव. १९९७ साली आयलंड रेकॉर्ड्स या कंपनीनं काढलेला.

"मामा, हा ली पेरीचा आहे. ऐका."

मी ऐकलं. म्हटलं, "आवाज बरा आहे रे याचा."

"तो नाही गात. तो मॅक्स रोमियो आहे."

पुढलं गाणं लागलं. "हा मग पेरी?"

"हा ज्युनिअर मर्विन."

तिसऱ्या गाण्याला तर तिघं-चौघं मिळून गात होते, आणि त्यांतही पेरी नव्हता. मी म्हटलं, "अरे, मग हा पेरी करतो काय?"

"तो खुंट्या फिरवतो."

आणि वेष्टनावर मोठ्या अक्षरांत नाव त्याचं! मी थक्कच झालो. गाणारे अनेक, वाजवणारे त्याहून अनेक, आणि निवडक गाण्यांचा संच मात्र ज्यानं किंग्स्टनला आपल्या घराच्या परसात छोटंसं ध्वनिमुद्रणगृह थाटलं, चार पट्ट्यांच्या टेप-यंत्रावर हे सारं मुद्रित केलं आणि कुठला आवाज पुढं आणायचा, कुठला मागं ढकलायचा ते ठरवलं, त्याच्या नावानं! शिवाय सोबत एक पुस्तिका. आमच्याकडं कॅसेटीत कागद निघतो तो दुसऱ्या कॅसेटींची जाहिरात करणारा.

या संगीताला रेगे म्हणतात, आणि त्यातल्या एका खास करामतीला डब. ही करामत थोडक्यात अशी. तयार गाण्यातून गाणाऱ्याचा आवाज बहुतेक काढून टाकायचा. ढोल आणि ते मोठं बास गिटार तेवढं ठेवायचं. मग अधूनमधून एखादा शब्द, पेटीसारखा एखादा सूर आत सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी विहिरीत हाक मारल्यासारखा घुमत ठेवायचा. ही कल्पना निघाली कशी त्याची हकीकत सांगतात ती अशी. १९६८च्या सुमाराला, ध्वनिवर्धक लावून गावोगाव नाच घडवून आणणारे रडी रेडवूड नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्यासाठी गाण्याची तबकडी कापताना तंत्रज्ञाकडून चुकून आवाज टाकायचाच राहून गेला. दुसरा कुणी असता तर तबकडी परत करून भांडला असता. यांनी ती रात्री नाचाच्या ठिकाणी तशीच लावली. आणि समोरचे लोक आपले आपणच गाणं म्हणायला लागले! पुढं किंग टबी यानं या प्रकाराची कलाच करून टाकली. हा इसम मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. आपल्याकडं तो जन्मला असता तर राजकमल चौकाच्या आसपास एखाद्या जिन्याखाली त्याचं दुकान असतं आणि 'मंगळवारी या' हे त्याचं एकमेव काव्य असतं.

आता यात आम्हां वऱ्हाडकरांना नवल वाटण्यासारखं तसं काही नाही. गाणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा आणि शब्द लोकांनी म्हणायचे, हा शोध आमच्या लग्नाच्या बँडनं केव्हाच लावलेला आहे. बँडवाला क्लॅरिओनेट फुंकतो, शब्द वरातीतली मंडळी म्हणतात, आणि ज्यांना शब्द येत नाहीत ते नाचतात. प्रतिध्वनीचं म्हणाल तर आमच्या मांडव-डेकोरेशनवाल्यांपुढं किंग्स्टनच्या कुणीही कान धरावेत. त्यांच्याकडं एक 'इको'ची पेटी असते. "नवरदेवाच्या मामांनी त्वरित मंचाजवळ यावे" एवढं वाक्य तिच्यातून गेलं की "यावे… वे… वे… वे…" असं पार बडनेऱ्यापर्यंत जातं, आणि मामा तोवर जेवून घरी गेलेले असतात. ली पेरीच्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रणात मधेच गाय हंबरते. लोकांनी त्याचं केवढं कौतुक केलं! आमच्या लग्नांच्या ध्वनिमुद्रणांत गाय, तिचं वासरू, रडणारं मूल, कूलरची घरघर आणि 'चटणी वाढा' हे सारं फुकट मिळतं. फक्त त्याला कला म्हणायचं आम्हांला सुचलं नाही, हा आमच्या स्वभावाचा साधेपणा.

पण थट्टा सोडा. खुंट्या फिरवणाऱ्याचं नाव वर छापलेलं पाहून मला जी टोचणी लागली ती खरी आहे. आपल्याकडं खुंटी फिरवणाऱ्याचं नाव कुणाला ठाऊक आहे? 'शोले' १९७५ साली आला. त्यातला गब्बरच्या बुटांचा आवाज, पालण्याची ती करकर अख्ख्या हिंदुस्थानच्या कानात बसली. त्या आवाजांचं मिश्रण करणारे मंगेश देसाई मराठी होते. राजकमल कलामंदिरात बसून त्यांनी हे केलं. 'शोले'तले संवाद घडाघडा म्हणणाऱ्या दहा जणांना हे नाव विचारून पाहा. नऊ जण 'कोण देसाई?' म्हणतील आणि दहावा म्हणेल, 'आमच्या बँकेत होते ते?'

बरं, खुंटीवाला राहिला दूर. तो पडद्यामागचा माणूस. वाद्यवृंदाची रचना करणाऱ्याचं तरी नाव येतं का? अनिल मोहिले यांनी किती गाण्यांचं संगीत-संयोजन केलं, किती गाण्यांच्या मधल्या जागा व्हायोलिनांनी भरल्या! आपण गाणं गुणगुणताना त्या जागा तोंडानं 'टँ टँ टॅडँ' करत भरतो, पण त्या कुणी बांधल्या याचा पत्ता 'सुवर्णगीते' देत नाही. प्रभाकर जोगांचं बरं झालं. त्यांनी स्वतःच 'गाणारं व्हायोलिन' काढलं, गाणाऱ्याला रजा दिली आणि गाण्याचे शब्द व्हायोलिनकडून म्हणवून घेतले. म्हणून ते नाव निदान घराघरांत गेलं. मला तर वाटतं, मराठी मध्यमवर्गाला झेपेल एवढा डब तोच. त्यात गाय हंबरत नाही इतकंच.

आणि कवी! इथं मी अमरावतीकर म्हणून बोलतो आणि आवाज चढवून बोलतो. सुरेश भट आमच्या गावचे. १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मलेले. 'सिंहासन'मधली आशाबाईंची पहाट त्यांची, 'उंबरठा'मधली लताबाईंची ती सुनी मैफल त्यांची. पण 'निवडक'वर लताबाईंचा फोटो, आशाबाईंचा फोटो, फार झालं तर हृदयनाथांचं नाव. भटसाहेब कुठं? आतल्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, तेही 'गीत : एस. भट' असं. एस. भट! हा काय तलाठी आहे? ज्यानं मराठी माणसाला गझल या शब्दाचा उच्चार शिकवला त्याला तुम्ही आद्याक्षरात गुंडाळता?

अकोल्याच्या विठ्ठल वाघांची गोष्ट तर याहून पुढची. १९८१च्या 'अरे संसार संसार'मध्ये त्यांचं वऱ्हाडी बोलीतलं तिफणीचं गाणं आहे, संगीत अनिल-अरुण यांचं. वऱ्हाडात पेरणीच्या दिवसांत ते कुठून ना कुठून ऐकू येतंच. एका बड्या शहरातल्या एका रसिक गृहस्थांनी मला समजावून सांगितलं, "ते पारंपरिक लोकगीत आहे. शेकडो वर्षं चालत आलेलं." मी म्हटलं, "अहो, ते लिहिणारे अकोल्याला राहतात." ते म्हणाले, "म्हणजे त्यांनी गोळा केलं असेल." बघा! नाव छापलं नाही की हे असं होतं. माणूस धडधाकट असताना त्याची परंपरा होते.

यावर अकोल्याच्याच आमच्या साडूभाऊंनी मला खोडून काढलं. साडूभाऊ सरकी-ढेपेच्या व्यापारातले. माणूस रोखठोक.

"मले एक सांगा भाऊ, तुमाले गानं आयकाचं हाये का मतदारयादी वाचाची हाये? आम खा ना बाप्पा, झाडं कायले मोजून राह्यले?"

हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण तो करणारे आमचे साडूभाऊ संत्री घेताना काय करतात ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वरूडची की मोर्शीची, अंबिया बहाराची की मृगाची, बाग कुणाची, हे सगळं विचारून, वर एक फोडून खाऊन, मग डझनाचा भाव करतात. तूरडाळ घेतानाही गिरणीचं नाव विचारतात. म्हणजे झाडं मोजतातच. फक्त गाण्याच्या वेळी त्यांना अचानक आंब्याचं वैराग्य येतं.

आणि यादीचं म्हणाल, तर आपण यादी छापण्यात कधीपासून कंजूस झालो? साडूभाऊंच्या धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका माझ्यापाशी आहे. मी मोजली. नावं एक्क्याण्णव! निमंत्रक, प्रेषक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, विनीत आणि शिवाय 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी सात बालकं, त्यांतलं एक त्या वेळी अडीच महिन्यांचं. लग्नात या एक्क्याण्णव जणांनी काय केलं? साठ जण जेवले, वीस जण रुसले, बाकीच्यांनी पंखा कुठं लावायचा यावर वाद घातला. त्या सगळ्यांची नावं सोनेरी शाईत. आणि गाण्याला कवी एक, संगीतकार एक, संयोजक एक, ध्वनिमुद्रक एक, फार तर बासरीवाला एक. या पाच नावांना मात्र जागा नाही! अडीच महिन्यांच्या बाळानं निमंत्रण द्यावं आणि सुरेश भटांनी आद्याक्षरात बसावं, हा कुठला न्याय?

"ते सोयऱ्याधायऱ्याचं काम हाये," साडूभाऊ म्हणाले. "नाव नाही छापलं त थो येतच नाही लग्नाले." मग हेच तर माझं म्हणणं आहे. कवीनं, बासरीवाल्यानं एकदा रुसून दाखवायला हवं होतं.

तसं पाहिलं तर कायद्याला या बाबतीत अगदीच काही वाटत नाही असं नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ५७वं कलम आहे. आपली कृती आपली आहे हे सांगण्याचा लेखकाचा हक्क त्यात मान्य केलेला आहे, आणि हक्क विकून टाकले तरी हा एक हक्क त्याच्यापाशी राहतो. उत्तम. मग १९८४ साली चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाला म्हणून कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५२-अ नावाचं कलम आलं. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर काय काय छापलंच पाहिजे ते त्यात सांगितलं आहे. मी मोठ्या आशेनं वाचलं. ध्वनिमुद्रण तयार करणाऱ्याचं नाव आणि पत्ता, हक्काच्या मालकाचं नाव आणि पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. संपलं! कवीचं नाव? नाही. संगीतकाराचं? नाही. आणि 'तयार करणारा' म्हणजे पेरीसारखा परसात खुंट्या फिरवणारा, असा माझा गोड समज झाला होता, तोही वकील मित्रानं दूर केला. कायद्याच्या भाषेत निर्माता म्हणजे पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. म्हणजे बहुधा कंपनीच. थोडक्यात, लग्नपत्रिकेवर मंगल कार्यालयाच्या मालकाचं नाव आणि पत्ता सक्तीचा, नवरा-नवरीचं नाव ऐच्छिक.

२०१२ साली आणखी एक दुरुस्ती झाली, ती मात्र मोलाची. सिनेमागृहात चित्रपट दाखवण्याखेरीज गाण्याचा इतर कुठलाही वापर झाला, तर त्याच्या मानधनात कवीचा आणि संगीतकाराचा समान वाटा, आणि तो त्यांना आधी लिहून देऊन टाकता येत नाही. कागदावर सही करून सगळं विकून बसलेल्या कवींच्या पिढ्यान् पिढ्या आठवल्या की या कलमाची किंमत कळते. पण वाटा पाठवायचा तर आधी नाव लागतं की नाही? मनिऑर्डर 'परंपरा, मुक्काम पोस्ट अकोला' या पत्त्यावर जात नाही.

आता जमैकाची बाजू घेतो म्हणून तिथं रामराज्य होतं असं कुणी समजू नये. तिथं पाप उलट्या दिशेनं झालं. निर्मात्याचं नाव एवढं मोठं झालं की गाणारा, वाजवणारा त्याच्या सावलीत गेला. चाल कुणाची, शब्द कुणाचे याचे वाद कायमचे. एकाच चालीवर एका निर्मात्यानं चार-पाच गाणी उठवायची, आणि पहिल्यांदा ती वाजवणाऱ्याला एकदाच काय ते पैसे. 'आर्कॉलॉजी'तसुद्धा एकच चाल पुन्हा पुन्हा वेष बदलून येते. (आपण आरत्या, भजनं आणि नगरपालिकेच्या निवडणुकीची गाणी एकाच सिनेमाच्या चालीवर म्हणतो, तेव्हा हसण्याचं कारण नाही.) तेव्हा पेरीबुवांची आरती ओवाळावी असं माझं म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की हे कुणाच्या हातून गेलंय ते त्या संचावरून कळतं. शिवी घालायची तर कुणाला घालायची हे ठाऊक असतं. आमच्या 'निवडक'वाल्याला शिवी घालायची सोय नाही.

आमच्याकडं ती सोय एके काळी होती, आणि ती अमरावती-अकोल्याच्या रेकॉर्डिंगच्या दुकानांत होती. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. ऐंशीच्या दशकात कोरी कॅसेट घ्यायची, साठ मिनिटांची किंवा नव्वदची, वहीचं पान फाडून गाण्यांची यादी करायची आणि रेकॉर्डिंगवाल्याकडं नेऊन द्यायची. त्याच्या मागच्या फळीवर तबकड्यांची चळत, पुढं दोन खणांचा डेक, डोक्यावर पंखा. तो यादी वाचायचा आणि त्याच्या कपाळाला आठी पडायची.

"भाऊ, हे तिसरं गानं इथं लागत नाही."

"का?"

"दुसरं रडाचं हाये. त्याच्यावर लगेच हे नाचाचं लावलं त मानूस पागल होईन ना! मधात एक भजन टाकतो."

आणि टाकायचा! आपल्या यादीत नसलेलं भजन आपल्या कॅसेटीत यायचं. पंचेचाळीस मिनिटांच्या बाजूला शेवटी दोन मिनिटं उरली तर तिथं व्हायोलिनचा तुकडा बसवायचा. एखादं गाणं बसतच नसेल तर शेवटचं कडवं हळूच आवाज कमी करत विरवून टाकायचा. हा कात्रीचा कारभार नव्हता, खुंटी फिरवायची होती! आणि मग निळ्या बॉलपेननं वेष्टनाच्या रेघांवर एकेक गाणं, सिनेमाचं नाव, गाणारा, आणि जागा उरली तर संगीतकार. खाली दुकानाचा रबरी शिक्का. झाला की नाही जबाबदार माणूस? चूक झाली तर शिक्क्यावरच्या पत्त्यावर जाऊन भांडता येत होतं, आणि लोक भांडत होतेच. या उद्योगाला तो 'डबिंग' म्हणायचा. शब्द तोच, किंग्स्टनचा. फक्त आपण काही कला करतो आहोत असा त्याला संशयसुद्धा नव्हता.

हा उद्योग बेकायदेशीर होता, हे मला मान्य आहे. एका तबकडीवरून हजार कॅसेटी भरल्या जात आणि कवीला दिडकी मिळत नसे. पण त्या काळच्या कायदेशीर कॅसेटींमधून त्याला किती मिळत होती, हाही प्रश्न विचारायला हरकत नाही. चोरानं गाणी तरी विचार करून लावली होती.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यानंही या कामात आपला हात लावला. अकोल्याचा मे महिना म्हणजे काय ते अकोल्यातच कळतं. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की डांबरी रस्ता चपलेला धरून ठेवतो, तिथं कॅसेटीच्या फितीनं काय करावं? साडूभाऊंनी एक कॅसेट स्कूटरच्या डिकीत विसरून दुपारभर ठेवली. संध्याकाळी लावली तर बाबूजींचा तो स्वच्छ आवाज विहिरीच्या तळातून, पाण्याखालून, डुलत डुलत येत होता. मागं कूलरची खोल घरघर. मधेच वीज गेली, सूर गडगडत खाली गेला. आली, पुन्हा वर चढला. त्या वेळी साडूभाऊंनी डोक्याला हात लावला. आज भाचा म्हणतो, अशा परिणामासाठी लोक महागडी यंत्रं विकत घेतात.

नावाचा हा प्रश्न ज्यांनी खऱ्या अर्थानं सोडवला ते आपले संत. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता, कंपनीवर तर नव्हताच. त्यांनी नाव थेट शेवटच्या चरणातच घालून ठेवलं. नामदेवांनी घातलं, तुकोबांनी घातलं, आणि आमच्या यावलीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजनं म्हणताना तेच केलं. केवढी दूरदृष्टी! वेष्टन फाटो, फीत तुटो, नाव गाण्यातच. गझलेतही शेवटच्या शेरात कवीनं आपलं नाव गुंफायची रीत आहे ती उगाच नव्हे. पण 'निवडक'वाला त्याहून वस्ताद. साडेतीन मिनिटांच्या तबकडीत अभंग मावत नाही म्हणून तो कडवं गाळतो, आणि गाळलं जातं ते कधी कधी नेमकं शेवटचंच. तुकोबांच्या वह्या तरल्या, पण तबकडीत त्यांचा 'तुका म्हणे' बुडाला!

याच्या दुसऱ्या टोकाला गाडगेबाबा. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईला वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांचं कीर्तन झालं आणि ते टेपवर उतरलं. पुढं दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर बाबा गेले. आज त्यांचा तो आवाज, तो वऱ्हाडी हेल, लोकांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर काढायची ती पद्धत आपल्या कानांवर पडते, कारण कुणीतरी त्या रात्री यंत्र मांडून, फीत संपते की काय या धास्तीनं डोळे त्या चाकांवर ठेवून बसला होता. बाबांना स्वतःच्या नावाचं वेड नव्हतं. पण म्हणून त्या माणसाचंही असू नये, असा काही नियम नाही. ते कीर्तन घराघरांत वाजतं. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या यंत्रापाशी बसलेल्याची चौकशी केली असेल?

आकाशवाणीचं मात्र मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे. निवेदिका गाणं लावण्याआधी संथपणे सांगायची : गीत अमुक, संगीत तमुक, स्वर यांचा. दहा सेकंदांचं काम. ते ऐकून ऐकून आमच्या आजीला, जिला सही करता येत नव्हती, माडगूळकर कोण आणि खळे कोण हे ठाऊक होतं. 'गीतरामायण' १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून आठवड्याला एक असं छप्पन्न गाण्यांनी झालं, तेव्हा लिहिणारा एक आणि चाल लावणारा दुसरा, हे लोकांना पाठ होतं. आज माझ्या भाच्याच्या भ्रमणध्वनीत लाखो गाणी आहेत आणि प्रत्येकाखाली एका गायकाचं नाव. कवीचं नाव हवं तर तीन ठिकाणी बोट दाबून आत जा. गेलात तरी तिथं कवी सापडेलच असं नाही. कधी कधी कंपनी सापडते.

परवा मी भाच्याला म्हटलं, "मला वऱ्हाडच्या कवींचा एक संच करून दे. सुरेश भट घाल, विठ्ठल वाघ घाल, तुकडोजी महाराज घाल. आष्टगावचे भीमराव पांचाळे गझल गातात ते घाल. पण वर गाणाऱ्यांची नावं नकोत, लिहिणाऱ्यांची हवीत. आणि खाली 'निवड' म्हणून तुझं नाव टाक, म्हणजे खडा लागला तर तुला बोलता येईल."

त्यानं अर्ध्या तासात यादी केली. बरी केली. पण चौथ्या गाण्याला मी थांबवलं. तिसरं व्याकुळ करणारं आणि त्याच्यावर लगेच हे ढोलकीचं?

"मधे एक भजन टाक," मी म्हटलं.

"मामा, तुमच्या यादीत भजन इथं नव्हतं."

"नसू दे. आणि वाद्यसंयोजन कुणाचं आहे ते शोध."

तो अजून शोधतो आहे. साडूभाऊंचा मात्र निरोप आला आहे : संच झाला की त्यांनाही हवा, आणि यादीत गीतकाराच्या शेजारी कंसात गाव लिहायचं, म्हणजे अमरावतीवाल्यांनी किती जागा अडवली ते मोजता येईल.